शोकसभेला आलेली टिटवी

तळ्याकाठी अजून माणसांची पायवाट पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या खड्यांमध्ये टिटवीने अंडी घातली होती. एका सकाळी कोल्हा वास घेत आला. टिटवीने पंख मोडल्याचं सोंग घेतलं आणि लंगडत लंगडत त्याला टेकडीपलीकडे नेलं. संध्याकाळ झाली तरी ती परतली नाही.

तळ्यावरच्या मंडळींनी शोकसभा भरवली. टिटवा मात्र अंड्यांवरून हलेना.

"अरे, बायको गेली. दोन शब्द बोलायला तरी ये," बगळा म्हणाला.

"अंडी गार पडतील, बगळेदादा. तुम्ही बोला, मला इथून ऐकू येतं," टिटवा म्हणाला.

बगळ्याने घसा खाकरला. "अशी शूर टिटवी पुन्हा होणे नाही."

"का बरं? मी आलेय की," मागून आवाज आला. धुळीने माखलेली टिटवी उभी होती. शेपटीची निम्मी पिसं कोल्ह्याच्या तोंडात राहिली होती.

सगळ्यांनी तिला गराडा घातला. बगळा तेवढा हिरमुसला. "मरणाशिवाय शौर्याला शोभा येत नाही गं. भाषण किती छान जमलं होतं."

"आणि पिल्लांना किडे टिपायला कोण शिकवणार, तुमचं भाषण?" असं म्हणत टिटवी अंड्यांकडे धावली.

टिटवा हळूच बाजूला झाला. एका अंड्याला तडा गेला होता आणि आतून इवलीशी चोच डोकावत होती.

शोकसभेला जमलेली मंडळी मग बारशालाच थांबली.