नकाशात नसलेली वस्ती

बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याच्या जागेवर दोनशे घरं उभी राहिली आणि अंगणातल्या मातीत शिसं सापडलं. पोरं आजारी पडू लागली, तशा अंगणवाडीच्या मंजुळाक्का नगराध्यक्षांकडे गेल्या.

नगराध्यक्ष धैर्यशीलराव खुर्चीत रेलून म्हणाले, "बाई, घराच्या मातीला नियम वेगळा, कारखान्याच्या मातीला वेगळा. तिथं दहापट शिसं चालतं. नकाशावर तुमची जागा अजून कारखान्याचीच आहे. म्हणजे माती चोख!"

"आणि आम्ही?"

"नकाशावर तिथं कोणी राहतच नाही."

"तेवढं लिहून द्या, साहेब."

कटकट मिटली म्हणून धैर्यशीलरावांनी झोकात सही ठोकली.

पुढं निवडणूक आली. ढोल-ताशा घेऊन धैर्यशीलराव वस्तीच्या कमानीखाली आले आणि ओवाळून घ्यायला कपाळ पुढे करून उभे राहिले. एकही दार उघडेना. कमानीला तो कागद डकवलेला, शेजारी मंजुळाक्का.

"अहो, मतदार कुठं गेले?"

"इथं कोणी राहत नाही, साहेब. खाली सही तुमचीच आहे. मतं आता त्या चोख मातीकडंच मागा. दहापट पडतील!"