टिंबूला भाकरी मिळेना

उसाच्या शेतात राहायचा टिंबू. मातीतला जिवाणू. मोहरीएवढा? छे! मोहरीवरच्या ठिपक्याहून लहान!

टिंबूची भाकरी म्हणजे पाचट. पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला. पण आज काय झालं? हौसाकाकूनं पाचट ओढलं, खर्र खर्र! बांधावर ढीग केला. शेतात पांढरं खत टाकलं. आणि गेली काडीपेटी आणायला. पाचट जाळायला!

टिंबूनं खत चाटलं. "थू थू! हे तर नुसतं मीठ! भाकरी कुठाय?"

निघाला तरातरा. लुटूलुटू, लुटूलुटू.

"पाचटा, पाचटा, मातीत ये!
टिंबूला भाकरी मिळेना!"

"मला कुठे पाय? गांडूळ ओढेल तर येईन."

लुटूलुटू, लुटूलुटू.

"गांडूळदादा, पाचट ओढ!
पाचट येईना,
टिंबूला भाकरी मिळेना!"

"कोरड्यात पोट खरचटतं बाबा! माती भिजेल तर ओढीन."

लुटूलुटू, लुटूलुटू.

"मातीमावशी, भीज ना!
गांडूळ ओढीना,
पाचट येईना,
टिंबूला भाकरी मिळेना!"

"माझ्याच घशाला कोरड! पाणी धावेल तर भिजेन."

लुटूलुटू, लुटूलुटू.

"पाटातल्या पाण्या, धाव ना!
माती भिजेना,
गांडूळ ओढीना,
पाचट येईना,
टिंबूला भाकरी मिळेना!"

"वाटेत मातीचा ढिगारा! काकू फोडेल तर धावीन."

आली काकू! हातात काडीपेटी! खुळखुळ, खुळखुळ!

"थांब काकू! ढिगारा फोड!
पाणी धावेना,
माती भिजेना,
गांडूळ ओढीना,
पाचट येईना,
टिंबूला भाकरी मिळेना!"

"अगं बया! कोण बोलतंय? दिसत तर नाही कुणी!"

"दिसत नाही म्हणून भाकरी नाही? पाचट माझं आहे!"

"एवढं खत दिलं की रे तुला!"

"नुसतं मीठ तू खाशील?"

काकू फिस्सकन हसली. "नाही रे बाबा!"

काडीपेटी कमरेला खोचली. पाचट परत शेतात पसरलं. उचललं फावडं. धप्प!

काकूनं ढिगारा फोडला.
पाणी धावलं, खळखळ!
माती भिजली, चिकचिक!
गांडुळानं ओढलं, सर्र सर्र!
पाचट आलं, मऊ मऊ!
टिंबूला भाकरी मिळाली!

मीठ लावून भाकरी! मटक मटक, मटक मटक!

एका टिंबूचे दोन झाले. दोनाचे चार. शेतभर टिंबूच टिंबू! खाऊन खाऊन पाचटाची झाली काळी भुसभुशीत माती.

काकूनं मूठभर माती नाकाला लावली. "अहाहा! कसला गं बाई हा वास?"

सगळे टिंबू ओरडले, "आमचा ढेकर!"