बाहेरची गाठ

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा एका दाट रानाच्या कडेला दोन भाऊ राहत होते. त्यांच्याकडे अकरा गाई होत्या. गाईंशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

गाई रात्री ज्या वाड्यात बसत, त्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. दरवर्षी काटे वाळून गळत, खांबांना वाळवी लागे, आणि कुंपण नव्यानं बांधावं लागे. हे काम दोघांनीच करायचं, अशी तिथली रीत होती. एकानं बाहेर उभं राहून काटेरी फांद्या खांबांना भिडवायच्या. आतल्यानं दोराचं टोक बाहेर द्यायचं. बाहेरच्यानं ते फांद्यांवरून फिरवून परत आत द्यायचं, आणि गाठ आतल्यानं मारायची. गाठ नेहमी आतच. बाहेरची गाठ कोणालाही सोडता येते.

थोरला आत असे आणि धाकटा बाहेर. काटा लागला की धाकटा करवादायचा, आणि थोरला आतून हसायचा.

एका वर्षी धाकट्यानं हातातली फांदी खाली टाकली.

"दादा, काटे माझ्या हाताला, आणि लोक म्हणतात थोरल्यानं काय कुंपण बांधलंय. यंदा तू बाहेर ये."

"आणि गाठ कोण मारणार? तुला येते?"

"कधी शिकवलीस?"

"मग जा. तुझ्यावाचून माझं अडत नाही."

धाकटा गेला. नदीपलीकडच्या वस्तीवर जाऊन राहिला.

थोरला एकट्यानं कुंपण बांधू लागला. फांदी भिडवायला बाहेर, गाठ मारायला आत. प्रत्येक गाठीला फाटकातून वळसा. दिवस गेला तरी तीनच खांब झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं एवढं होतं, की हातातला कोयता दिसत नव्हता. थोरल्यानं आतून दोर बाहेर सारला. आता वळसा घालून जायचं, म्हणून तो वळणार, तोच दोर त्याच्या हातात ताणला गेला.

पलीकडे कोणीतरी तो धरला होता.

थोरला थांबला. बाहेर फांद्या सरकल्याचा आवाज आला. दोर घट्ट बसला. टोक मात्र परत आत आलं नाही. गाठ बाहेरच पडली.

त्याला वाटलं, धाकटाच आला असणार. लाजेनं बोलत नाही. हाक मारावी, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण हाक मारली, तर आपण नमतं घेतलं असं होईल. तो गप्प राहिला आणि पुढचा दोर बाहेर दिला.

सात सकाळी असंच झालं. काम भराभर उरकलं. एक गोष्ट थोरल्याला खटकत होती. सात दिवसांत बाहेरच्याला एकदाही काटा लागला नव्हता. निदान तसा आवाज आला नव्हता.

असं कुंपण त्या रानात कोणी पाहिलं नव्हतं. चिमणी शिरेल एवढीही फट नव्हती.

आठव्या सकाळी एक गाय कमी होती.

थोरल्यानं सगळं कुंपण हातानं चाचपून पाहिलं. फट नाही. फाटकाचा अडसर जागच्या जागी. गाईच्या खुरांचे ठसे कुंपणापर्यंत गेले होते, आणि पलीकडून तसेच पुढे रानात निघाले होते. धुक्यातून तिच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. तो आवाजाकडे चालत गेला. घंटा तेवढ्याच अंतरावर वाजत राहिली. सूर्य वर आला, तशी ती थांबली.

नवव्या सकाळी आणखी एक गेली. मग आणखी एक.

सात गाई गेल्या, तेव्हा थोरल्याची बायको म्हणाली, "कुंपण छान झालंय. आता आत ठेवायला काहीतरी आणा."

"मी काय करू?"

"भाऊजींना बोलवा. मोरी गाय आज सकाळपासून कुंपणाला नाक लावून उभी आहे. हलवली तरी हलत नाही."

मोरी गाभण होती. महिनाही उरला नव्हता. थोरला उठला आणि नदी ओलांडून गेला.

"कुंपण बांधायला आलास, मग गाठी बाहेर का मारल्यास?" त्यानं विचारलं.

"मी? मी इथं आल्यापासून नदी ओलांडलेली नाही." धाकट्यानं दोन्ही हात पुढे केले. जुने ओरखडे भरून आले होते. नवा एकही नव्हता.

"चल, सात गाई गेल्या," एवढंच थोरला म्हणाला.

"सात गाई गेल्यावर?" धाकटा म्हणाला. पण तो तेव्हाच निघाला होता. जाता जाता म्हणाला, "बाहेर मी उभा राहणार नाही, सांगून ठेवतो."

"बाहेर मी आहे," थोरला म्हणाला. "तू आत गाठ मार. रात्री शिकवतो."

पहाटे दोघं कामाला लागले. धुकं होतंच. थोरला बाहेर उभा राहून एकेक गाठ सोडत होता, फांद्या पुन्हा भिडवत होता आणि दोराचं टोक आत देत होता. आत धाकटा गाठ मारत होता. थोड्याच वेळात थोरल्याचे हात रक्तानं माखले. इतकी वर्षं हे कोणी सोसलं, ते त्याला आता कळलं.

शेवटचा खांब राहिला. आत मोरी उभी होती.

तेवढ्यात त्याच्या अगदी पाठीमागे कोणीतरी बोललं. आवाज धाकट्याचा होता, पण त्यात माया होती.

"दादा, दमलास तू. रक्त येतंय बघ. दे तो दोर इकडे."

थोरल्याचा हात आपोआप मागे गेला. दोर हलकेच ताणला गेला.

"झोपलास काय रे?" कुंपणाच्या आतून धाकटा ओरडला. "टोक दे की. का मीच येऊ बाहेर?"

थोरल्यानं मागे न बघता विचारलं, "तू कोण?"

मागचा दोर तसाच ताणलेला होता.

"तुला विचारतोय. तू कोण?"

दोर सैल पडला. थोरल्यानं टोक आत सारलं. पलीकडून ओळखीच्या, खरखरीत बोटांनी ते ओढून घेतलं आणि गाठ पडली. मग रानात सात घंटा एकदम वाजल्या, आणि दूर जात जात थांबल्या.

गेलेल्या सात गाई परत आल्या नाहीत. चार राहिल्या. पंधरा दिवसांनी मोरी व्याली, आणि वाड्यात पाच जीव झाले.

गड्यांनो, ज्याला 'तू कोण' असं विचारायला आपला अहंकार आड येतो, त्याच्या हाती आपल्या घराची दोरी कधी देऊ नये.