जिवाणीतले निळे दाणे

"पण माताजी, तो जीव नव्हताच!"

नेमगोंडा मगदूम पाण्याचा तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला होता.

विपुलमती माताजींनी ओंजळ सोडून दिली होती. ओंजळीतल्या पाण्यात निळा कण दिसला, खसखशीएवढा, आणि त्यांनी हात मोकळे केले. संपलं. आम्हा जैनांत याला अंतराय म्हणतात. साध्वीच्या घासात काही निघालं की त्या दिवसाचा आहार तिथंच थांबतो. पाण्याचा घोटसुद्धा मग दुसऱ्या दिवशी.

वैशाख होता. माताजी एक्याऐंशीच्या. आदल्या दिवशी दुसऱ्या घरीही असंच झालं होतं. मी देवळातला उपाध्ये, त्यांच्या सोबतीनं आलेला. वाटेत त्या दोनदा खाली बसल्या होत्या.

"जीव नव्हता कशावरून?" माताजींनी विचारलं.

"मी ओळखतो ना! माझ्याच कारखान्यातला दाणा आहे, गाळताना कापडाच्या कडेवरून निसटला असेल. तोंड धुवायच्या क्रीममधला. प्लॅस्टिक आहे ते. निर्जीव. तुम्ही खुशाल पाणी घ्या."

बोलून गेला, आणि मग त्यालाच कळलं आपण काय बोललो ते.

...

"तुझ्या घरात पाणी कुठलं, नेमगोंडा?"

"नदीचं. विहीर आटली. नळाचं तुम्हाला चालत नाही."

"आणि नदीत हा कुठून आला?"

"लोक तोंड धुतात, माताजी. मोरीतून गटारात, गटारातून नदीत. मी काय नदीवर जाऊन ओततो?"

बाराव्या वर्षी त्यानं माताजींकडून गाळलेलं पाणीच पिण्याचा नियम घेतला होता. अडतीस वर्षं पाळला, हेही खरं. आणि अडतीस वर्षं सगळ्या गावाला ऐकवला, हेही खरंच.

"माझ्या मालात चरबी नाही," तो म्हणाला. "अंडं नाही. मुक्या जनावरावर चाचणी नाही. डबीवर तसं छापतो मी. इतका अहिंसक माल दुसऱ्या कुणाचा असेल तर दाखवा."

"मग उद्या मुंबईला कशाला निघालास?"

नेमगोंडा माझ्याकडं बघायला लागला. मी कशाला सांगेन? सगळ्या गावाला माहीत होतं.

"सरकार या दाण्यांवर बंदी आणतंय," तो म्हणाला. "आम्ही कारखानदार दोन वर्षांची मुदत मागणार आहोत. मला पुढं केलंय. गोदामं भरलीत, माताजी. म्हटलं, तुमचा आहार माझ्या हातून व्हावा, आशीर्वाद घेऊन निघावं..."

माताजींचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मला बघवेना.

"पाणी गाळलेलं कापड आण," त्या म्हणाल्या.

त्यानं स्वयंपाकघरातून आणलं. खादीचं दुहेरी कापड, अजून ओलं. त्यावर सकाळची जिवाणी होती. पाणी गाळल्यावर कापडावर जे बारीक जीव उरतात, ती जिवाणी. ज्या पाण्यातून ते आले त्याच पाण्यात त्यांना अलगद सोडायचं, कापड वाळायच्या आत. वाळलं की मेले. माताजींचा आहार झाला की नेमगोंडा ती सोडायला घाटावर जाणार होता.

मी वाकून बघितलं. हिरवट शेवाळ, त्यात वळवळणारे दोनचार ठिपके, आणि त्यांच्यात मिसळलेले निळे. दहा. वीस. मोजायचं सोडून दिलं.

"अगं आई गं!" माझ्या तोंडून निघालं.

असले निळे ठिपके देवळातल्या कापडावर मी किती वर्षं बघत होतो! मला वाटायचं, कसली तरी अंडी असतील. दया यायची मला त्यांची. णमोकार मंत्र म्हणत म्हणत घाटावर न्यायचो आणि पाण्यात सोडायचो. एक दाणा कापडावर राहू द्यायचो नाही. असला मी शहाणा! मी ते तिथंच कबूल केलं. लाज वाटली, पण केलं.

माताजी रागावल्या नाहीत.

"तुला ते मीच शिकवलं होतं," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

...

मग त्यांनी कापड नेमगोंडाच्या पुढ्यात सरकवलं.

"जीव नदीला दे. दाणे तुझे तू ठेवून घे."

"एवढंच ना?"

तो मांडी घालून बसला. चष्मा लावला. बोट ओलं करून पहिला दाणा उचलला. दाण्याबरोबर एक ठिपकाही आला, आणि बोटावर चिरडला.

नेमगोंडानं बोटाकडं बघितलं. पुसलंही नाही.

पूजेच्या ताटातली जाईची पाकळी घेऊन त्यानं पुन्हा सुरुवात केली. दोन दाणे निघाले. तिसरा खादीच्या विणीत रुतला. चौथा शेवाळात गेला. दारातून ऊन आत आलं होतं. कापडाची एक कड पांढरी झाली.

"पाणी शिंपडू का?" मी विचारलं.

"कुठलं?" माताजी म्हणाल्या.

घरात पाणी होतं ते चुलीवर वाफाळत असलेलं, नाहीतर नळाचं, औषध मारलेलं. दोन्हीनं जीव जातात. आणि नदीचं आणावं तर त्यातही तेच.

"वेगळं होत नाही, माताजी," नेमगोंडा म्हणाला. "कापड पाण्यात सोडलं तर दाणे परत नदीत. नाही सोडलं तर हे मरतात."

त्यानं मान वर करून माताजींकडं बघितलं.

"सांगा ना, काय करू?"

...

पाकळी त्याच्या बोटांतून गळून पडली. पन्नाशीचा माणूस, तालुक्यात ज्याच्या शब्दाला किंमत, तो साध्वीपुढं हात जोडून रडायला लागला. मला त्याची कीव आली, आणि संतापही आला.

"बदलतो, माताजी. माल बदलतो, मशिनं बदलतो, तुमची शपथ. पण एकदम नाही जमणार. दोनच वर्षं... दोनच वर्षं द्या."

माताजींनी कापडाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"कापड वाळतंय, नेमगोंडा."