राणीच्या हौदातली टणक वनस्पती

फार जुनी गोष्ट. समुद्रापासून सात दिवसांच्या वाटेवर एक राज्य होतं. तिथल्या राजाने समुद्रकाठच्या मुलीशी लग्न केलं. राणीला माहेरची फार आठवण यायची. म्हणून राजाने अंगणात मोठा दगडी हौद बांधला, बैलगाड्यांतून समुद्राचं पाणी आणवलं आणि त्यात रंगीत मासे अन् जिवंत प्रवाळ सोडले. राणीने माहेरून आणलेली एक हिरवी वनस्पती हौदातल्या वाळूत लावली. टिकलीला टिकली जोडत जावी, तशी ती वाढायची.

हौदाची देखभाल म्हाळू माळ्याकडे होती. त्याचे गुलाब राज्यभर नावाजलेले. तो छाती फुगवून म्हणायचा, "झाड कुठलंही असू दे, माझ्या खताला नाही म्हणणार नाही."

काही महिने बरे गेले. मग त्या वनस्पतीला नवी टिकली फुटेना. असलेल्या टिकल्या पांढऱ्या पडून गळू लागल्या.

"म्हाळूकाका," राणी कासावीस होऊन म्हणाली, "ही गेली तर माहेरचं माझ्याजवळ काहीच उरणार नाही हो."

म्हाळूने आपलं सगळ्यात चांगलं खत पुरचुंडीत बांधून हौदात सोडलं. चार दिवसांनी पाणी गढूळलं. त्याला वाटलं, कमी पडलं. त्याने आणखी दोन पुरचुंड्या सोडल्या. आता सगळीकडे बुळबुळीत शेवाळ माजलं आणि मासे वर येऊन तोंडं उघडू लागले.

त्याच दिवशी ठकूबाई महालाच्या भिंतींसाठी चुना घेऊन आली. शिंपले भाजून चुना करण्यात तिचा जन्म गेला होता. हौद पाहून तिने नाकाला पदर लावला.

"माळीदादा, हा माशांचा हौद की शेणाचा खड्डा?"

"चेष्टा करू नका, ठकूबाई. झाड मरतंय माझं."

ठकूबाईने गळलेली एक टिकली उचलली आणि नखाने मोडली. कट्‌ असा आवाज झाला. तिने स्वयंपाकघरातून लिंबू मागवलं आणि त्या तुकड्यावर पिळलं. तुकडा फसफसला.

"बघा! माझा शिंपला अस्साच फसफसतो. ही पाण्यातला चुना घेऊन अंग बांधते. प्रवाळही तोच घेतात. समुद्राला तो कमी पडत नाही, तुमच्या हौदातला संपला."

"मग ओतू का एक घमेलं?"

"थांबा! मासे पोळून मरतील. चुना पाण्यात कालवा, गाळ बसू द्या, वरची निवळी तेवढी घ्या. तीही आटलेल्या पाण्याच्या जागी, थेंब थेंब."

म्हाळूने बाह्या सरसावल्या. पुरचुंड्या काढल्या, हातांनी शेवाळ उपसलं, अर्धं पाणी काढून साठवणीतलं समुद्राचं पाणी भरलं. मग महादेवाच्या पिंडीवर असतं तसं बारीक भोकाचं भांडं हौदावर टांगून त्यातून निवळी ठिबकत ठेवली.

पंधरा दिवस काहीच दिसलं नाही. म्हाळूला जेवण गोड लागेना. सोळाव्या दिवशी राणीची हाक आली, "काका, धावा!" टोकाला फिकट हिरवी, इवलीशी टिकली फुटली होती. म्हातारा म्हाळू हौदाभोवती असा नाचला की त्याचं पागोटं पाण्यात पडलं आणि राणी पोट धरधरून हसली.

राजाने बक्षीस देऊ केलं, तेव्हा म्हाळू हात जोडून म्हणाला, "महाराज, मान ठकूबाईचा. मी माझ्याजवळ होतं ते दिलं, त्यांनी झाडाला हवं होतं ते दिलं."

राजाने ठकूबाईला शालजोडी दिली. म्हाळू तेव्हापासून कुठल्याही रोपाजवळ गेला की आधी खाली बसायचा, त्याला हात लावून नीट बघायचा आणि मगच खताच्या टोपलीकडे वळायचा.

तात्पर्य: आपल्याजवळ काय आहे ते पाहून देऊ नये, समोरच्याला काय कमी आहे ते ओळखून द्यावं.