बिनआवाजाची चाल

"…पण पाऊल दिवसेंदिवस लांब पडत असताना माणूस चालायचंच सोडून देतो, हे कसं शक्य आहे, बुवा?"

प्रश्न डॉक्टर उपेंद्र खांबेट्यांचा. हा काही ऐरागैरा माणूस नव्हे. पक्षाघात झालेल्या माणसाला चार पावलं चालायला लावून कुठला स्नायू कामचुकारपणा करतोय ते अचूक सांगणारा. लांबलांबून लोक यायचे त्याच्याकडे. आणि त्याचे स्वतःचे वडील, अण्णा, त्याच पक्षाघातातून सावरत असताना, तीन आठवडे झाले, खाटेवरून पाय खाली टाकायला तयार नव्हते.

भार्गवबुवा मठाच्या ओसरीवर भिजवलेले वाल सोलत बसले होते. मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेल्यातच जमा होते. सगळा कारभार बोटांवर चालायचा.

"चालत होते म्हणतोस?"

"चार महिने! रोज सकाळी, घरच्या पडवीत, माझ्यासमोर. बत्तीस सेंटीमीटरचं पाऊल मी चव्वेचाळीसवर आणलं."

त्यातला 'मी' चांगलाच ठसक्यात आला.

"मग?"

"मग एके दिवशी म्हणाले, पुरे. बस्स! कारण नाही, काही नाही. बुवा, आणखी महिनाभर असे पडून राहिले ना, तर कमावलेलं सगळं जाईल. मग मनात आलं तरी उठता यायचं नाही. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. तुम्ही समजावा."

बुवांनी एक वाल सोलून ताटलीत टाकला.

"दाखव बघू ती चाल."

उपेंद्रची कळी खुलली. त्याने फोनवर पहिल्या महिन्यातलं चित्रण लावलं.

"हे पाहा. आम्ही कमरेखालचंच घेतो. गुडघा वाकत नाही, म्हणून पाय बाहेरून फिरवताहेत. बोटं जमिनीला घासताहेत. आणि इथे…"

"मला कुठलं दिसतंय रे? आवाज मोठा कर."

"आवाज बंद असतो, बुवा. आम्ही चाल अगदी संथ करून बघतो. त्यात आवाजाचं काय काम?"

"म्हणजे तू ऐकलंच नाहीस कधी?"

"ऐकण्यासारखं काय असणार त्यात!"

"कर तर खरा."

उपेंद्रने नाइलाजाने आवाज सोडला. एक पाऊल पडलं, दुसरं फरफटत आलं. आणि मग अण्णांचा आवाज… जिभेत अडखळणारा, पण हसरा.

"उपा… अरे थांब की… पोचू दे मला."

त्यावर उपेंद्रचा स्वतःचा आवाज. "बोलू नका, अण्णा. चालीवर लक्ष द्या. टाच आधी."

बुवांचे हात थबकले.

"थांब कोणाला म्हणताहेत?"

"…मला."

"तू कुठं निघाला होतास?"

"कुठं नाही. समोरून चित्रण घ्यायचं तर तीन पावलांचं अंतर राखावं लागतं. ते पुढे आले की मी मागे सरकायचो. पद्धतच आहे तशी, बुवा."

"पुढचं लाव."

दुसऱ्या महिन्यातलं. "उपा, आज तरी…" "बोलू नका, अण्णा."

तिसऱ्या महिन्यातलं. "उपा…" एवढंच.

चौथ्या महिन्यातलं. पावलं सरळ, लांब, टाच आधी टेकणारी. अगदी पुस्तकात छापावी अशी चाल. अण्णांचा मात्र हूं की चूं नाही.

उपेंद्रने ते चित्रण पुन्हा लावलं. मग पुन्हा एकदा. फोन अगदी कानाशी धरला, तरी नुसती पावलंच वाजत राहिली.

मग मात्र त्याचा धीर सुटला. एवढा मोठा डॉक्टर, पण ओसरीवर बसून लहान मुलासारखा रडला.

"चार महिने माझा बाप माझ्याकडे येत होता, बुवा… आणि मी मागे मागे जात राहिलो. एकदा तरी उभं राहायला हवं होतं मी. एकदा तरी हात पुढे करायला हवा होता."

बुवांनी वालाची ताटली बाजूला सरकवली. रडू दिलं त्याला.

"आता मी काय करू?" त्याने डोळे पुसले. ठसका कुठल्या कुठे गेला होता. "आता ते माझ्याकडे बघतही नाहीत. मी रोज संध्याकाळी त्यांच्या खोलीत जाऊन बसतो. चांगला तासभर बसतो."

"कुठं बसतोस?"

"दाराशी खुर्ची ठेवलीय. तिथून त्यांचे पाय हलताहेत का, ते नीट दिसतं…"

बुवांनी चाचपडत त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तिथून खाट किती पावलांवर आहे रे, उपेंद्र?"