जित्या व्हाळाचं सुतक

पायातलं काढा आधी. तिथे नाही, इथे, पायरीच्या अलीकडे. आणि मघाशी कोण म्हणालं, "इथे तर नुसते दगड आहेत"? दरवर्षी कोणीतरी हे बोलतंच! वैशाखात आंबेखोलचा व्हाळ, म्हणजे तुमच्याकडचा ओढा हो, वरून असाच दिसतो. पण ह्या एका वाक्यापायी ही सगळी देवराई एकदा मुळासकट जाणार होती, म्हणून आम्हाला ते ऐकवत नाही. बसा आता. ऐका.

फार जुन्या काळची गोष्ट. बंदरावर राजाची गलबतं बांधायचं काम निघालं होतं आणि लाकूड कमी पडत होतं. राजाची ताकीद मात्र होती म्हणे, की ज्या राईत जिवंत पाणी असेल तिला कुऱ्हाड लावू नये. म्हणून तोडीआधी पाण्याची पाहणी व्हायची. ती करायला विसाजीपंत नावाचा अंमलदार आला, पालखीतून, भर दुपारी. पालखी त्या वरच्या बांधावर थांबली. पंतांनी पडदा सारला, खाली एक नजर टाकली आणि कारकुनाला म्हणाले, "लिहा, व्हाळ मेलेला आहे." पडदा परत पडला. झाली पाहणी!

राईची राखण तेव्हा आवडी गुरवीण करायची. नवरा गेल्यापासून देवीची पूजाही तिच्याकडेच होती. तिला ह्या व्हाळाची नाडी ठाऊक होती. पिवळी फुलपाखरं वाळूला तोंड लावून बसली की तिथे वीतभर खाली पाणी असायचं. वरचा दगड चटका देई, पण त्याच्या पोटाखाली हात घातला की बोटं गारठायची. उंबराच्या मुळाशी चिखलाचा आणि कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या, बिळाचा वास येतोय तोवर चिंता नाही, असं ती म्हणे. गावच्या विहिरी ह्याच पाण्यावर जगत होत्या. राई गेली तर व्हाळ जाईल आणि व्हाळामागून विहिरी, हे तिला कोणी सांगायला नको होतं. ती धावत जाऊन पालखीला आडवी झाली.

"पंत, पाहणी झाली. ऐकणी कुठे झाली?"

"ऐकणी? हा कुठला शब्द?"

"तुमच्या दप्तरात नसेल. खाली उतरा, दगडाला कान लावा, मग कळेल."

"ए गुरविणी, तू मला शिकवणार? कागदावर चढलं ते चढलं. मेला म्हणजे मेला. उद्यापासून तोड सुरू."

आवडीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं पायाला ओल लावून घेतली नाही, तो पाण्याला मेलं म्हणतो! पण ती कपाळावर हात मारून रडत बसणाऱ्यांतली नव्हती. ती देवळात गेली, घंटेला फडकं बांधलं आणि चावडीसमोर उभी राहून ओरडली, "अगो बायांनो, व्हाळ मेला, आई गेली आपली! अंमलदारांनी लिहून दिलंय. दहा दिवस सुतक धरा!"

बाईचं डोकं फिरलं, असंच लोकांना आधी वाटलं. मग म्हातारे मिशीत हसायला लागले. सुतकात राईला कुऱ्हाड कोण लावणार? पुढच्या टप्प्याचे भोई गावचेच होते, त्यांच्या खांद्याला पालखी चालेना. आणि पंत तर सोवळ्याओवळ्याचे पक्के. सुतकातल्या गावचं दूध नको, भाजी नको, विहिरीचं पाणीही नको. दोन कोसांवरून घागरी येत होत्या आणि पंत सोबतचे पोहे कोरडे चावत होते.

"ओढ्याचं कसलं सुतक धरता रे?" ते गरजले.

"मेला असं तुम्हीच लिहिलंत ना?" आवडी म्हणाली. "मग खोडा. आत्ता सुतक फिटलं."

पण सुंभ जळला तरी पीळ जाईना. पंतांनी खोडलं नाही.

इकडे आवडी मात्र व्हाळाची नाडी बघत होती. रोज पहाटे ती दगडांखाली हात घालायची. पहिल्या दिवशी बोटं भिजली. पाचव्या दिवशी मनगटापर्यंत हात घालावा लागला. नवव्या दिवशी कोपरापर्यंत हात गेला तेव्हा कुठे ओल लागली. तिला रडू कोसळलं. "बाये, माझं तोंड खोटं पाडू नको गो," ती दगडाशी बोलत राहिली.

दहाव्या दिवशी सगळं गाव इथे जमलं. त्या सपाट दगडावर आवडीनं भाताचा पिंड ठेवला. बाईमाणूस पिंड ठेवते म्हणून कोणी कुजबुजलं, तर ती कडाडली, "ह्या आईचं पाणी पिताना बाईमाणूस बघितलं नाहीत ते?" पंतांनाही बसावं लागलं, कारण कावळा शिवल्याशिवाय भोई हलणार नव्हते. पायांत जोडे नाहीत, पोटात अन्न नाही, आणि तोंड बंद.

कावळा आला, जांभळीवर बसला, पण खाली उतरेना. "तुझा गाळ काढू," कोणी म्हणालं. "तुझ्यात गुरं घालणार नाही," दुसरं म्हणालं. कावळा ढिम्म. अख्खं गाव श्वास रोखून बसलं. पानावर पान घासल्याचंही ऐकू येत होतं म्हणे. आणि एकाएकी पंतांनी मान वर केली.

"हे काय वाजतंय?"

पंत ओणवे झाले. त्यांनी दगडाला कान लावला. मग दोन्ही हातांनी तो दगड बाजूला सारला आणि खाली हात घातला, थेट दंडापर्यंत. बाहेर काढला तेव्हा बोटांवरून पाणी टपकत होतं. मग कारकुनाकडून कागद घेतला आणि ओल्या बोटानं ती ओळ पुसून टाकली. "राईला कुऱ्हाड लागणार नाही," ते म्हणाले, "बाई, आता तरी कावळा शिवेल ना?"

आवडी ताडकन उठली. "शिवेल कसा? जित्या माणसाच्या पिंडाला कावळा शिवतो होय!"

कावळा उडून गेला. पिंड तसाच राहिला, असं सांगतात.

आजही वैशाखातल्या दशमीला त्या दगडावर पिंड ठेवतात आणि गाव अनवाणी बसतं. ज्याला खालचं पाणी ऐकू येईल त्यानंच उठायचं. ह्यालाच आम्ही ऐकणी म्हणतो. एरवी तो एका सकाळचा विधी. पण यंदा मोजणीला एक साहेब आले होते. गाडीची काच खाली केली, "कोरडा नाला" असं लिहिलं, काच वर केली. गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत हो! इथून रस्ता काढायचाय म्हणे. म्हणून यंदा पुन्हा दहा दिवसांचं सुतक धरलंय, ते घंटेवरचं फडकं दिसतंय ना तुम्हाला? आज नववा दिवस आहे. साहेबांना निरोप धाडलाय, उद्या या, जोडे काढून बसा.

तो बघा, कावळा आजच जांभळीवर आलाय. आता कोणी बोलू नका.